त्वरण स्थिर असताना सरासरी वेग आणि तात्क्षणिक वेग कसे ओळखावेत

एखादी वस्तू विरामावस्थेतून निघाली आणि स्थिर त्वरणाने १० सेकंदांत १०० मीटर गेली, तर शेवटच्या क्षणी तिचा वेग किती असेल, असा प्रश्न विचारला की पुष्कळ विद्यार्थी १०० ला १० ने भागून १० मीटर प्रतिसेकंद असे उत्तर देतात. भागाकार अचूक असतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न विचारलेलाच नसतो. १० मीटर प्रतिसेकंद हा संपूर्ण १० सेकंदांचा सरासरी वेग आहे. शेवटच्या क्षणाचा वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद आहे. ही चूक निष्काळजीपणातून होत नाही. ‘वेग’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या राशींसाठी वापरतो आणि त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा व्याख्येपुरताच सांगितला जातो, म्हणून ती होते.

या दोन राशी वेगळ्या ओळखता येणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी अधिक महत्त्वाची आहे: त्वरण स्थिर असेल तेव्हा, आणि खात्रीने तेव्हाच, या दोन राशींना जोडणारा एक सोपा नियम मिळतो. कोणत्याही कालावधीचा सरासरी वेग हा त्या कालावधीच्या बरोबर मधल्या क्षणी असणाऱ्या तात्क्षणिक वेगाइतका असतो. हे एक वाक्य आतून कळले, तर गतीच्या प्रकरणातील बहुतेक सूत्रे पाठ करण्याची गरज उरत नाही.

सरासरी वेग काढताना विस्थापनाला कालावधीने भागतात. त्यामुळे सरासरी वेगाचा उल्लेख आला की ‘कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत?’ हा प्रश्न आधी विचारावा. दोन क्षण सांगितल्याशिवाय सरासरी वेगाला काही अर्थच नसतो. तात्क्षणिक वेगाच्या बाबतीत एकच प्रश्न असतो, ‘कोणत्या क्षणी?’ मोटारीच्या वेगदर्शकाचा काटा दाखवतो ती त्या क्षणाची चाल असते, तर कापलेल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागून मिळते ती सरासरी चाल असते. चाल आणि वेग यांतील फरक दिशेचा आहे आणि वस्तू मागे फिरत नाही तोवर तो जाणवत नाही. मागे फिरणाऱ्या वस्तूचा विचार पुढे येईल.

आकडे हाताशी घेऊन पाहू

सरळ रेषेत जाणाऱ्या एका वस्तूचा सुरुवातीचा वेग ३ मीटर प्रतिसेकंद आहे आणि तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो, असे समजू. शून्य, एक, दोन, तीन, चार आणि पाच सेकंदांनंतर तिचे तात्क्षणिक वेग अनुक्रमे ३, ५, ७, ९, ११ आणि १३ मीटर प्रतिसेकंद असतील. त्याच क्षणी तिचे आरंभस्थानापासूनचे विस्थापन ०, ४, १०, १८, २८ आणि ४० मीटर असेल. विस्थापनांच्या लगतच्या आकड्यांची वजाबाकी केली की प्रत्येक सेकंदातले अंतर मिळते: ४, ६, ८, १० आणि १२ मीटर. कालावधी एका सेकंदाचा असल्यामुळे हेच त्या त्या सेकंदाचे सरासरी वेगही आहेत.

आता दोन्ही रांगा एकमेकींखाली लिहून पाहाव्यात. हे वाचून सोडून न देता वहीत करावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या सेकंदाच्या आरंभी वेग ३ होता, अखेरीस ५ झाला आणि सरासरी ४ आली. हा ४ मीटर प्रतिसेकंद वेग वस्तूला प्रत्यक्षात कधी होता? बरोबर अर्ध्या सेकंदाला. दुसऱ्या सेकंदाची सरासरी ६ आहे आणि तो वेग दीड सेकंदाला होता. मोठा कालावधी घेतला तरी हेच दिसते. दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीपासून चौथ्या सेकंदाच्या अखेरीपर्यंत वस्तू १८ मीटर गेली, म्हणजे सरासरी वेग ९ मीटर प्रतिसेकंद झाला, आणि तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस तात्क्षणिक वेगही नेमका ९ आहे.

तात्क्षणिक वेग ठाऊक नाही, केवळ विस्थापनाचे आकडे मिळाले आहेत, असे मानले तर तो शोधण्याची रूढ रीत म्हणजे कालावधी लहान लहान करत जाणे. वरील वस्तूचा ३ सेकंदांनंतरचा वेग हवा आहे. ३ ते ४ सेकंदांची सरासरी १० येते. ३.१ सेकंदांनंतर विस्थापन १८.९१ मीटर असते, म्हणून ३ ते ३.१ सेकंदांची सरासरी ०.९१ भागिले ०.१, म्हणजे ९.१ येते. ३.०१ पर्यंतची सरासरी ९.०१ येते. कालावधी जितका आखडावा तितकी सरासरी ९ च्या जवळ सरकते, पण उजवीकडून घेतलेली कोणतीही सरासरी ९ होत नाही. ती कायम थोडी अधिकच राहते, कारण वेग वाढत आहे. डावीकडून, म्हणजे २.९ ते ३ सेकंदांची सरासरी घेतली तर ती ८.९ येते, थोडी कमी. या सरासऱ्या ज्या मूल्याकडे झुकतात ते सीमामूल्य म्हणजेच तात्क्षणिक वेग.

आता एक पाऊल वेगळे टाकू आणि ३ सेकंदांचा क्षण कालावधीच्या मधोमध ठेवू. २.९ सेकंदांनंतर विस्थापन १७.११ मीटर आहे आणि ३.१ सेकंदांनंतर १८.९१ मीटर. फरक १.८० मीटर, कालावधी ०.२ सेकंद, सरासरी नेमकी ९. कालावधी १ ते ५ सेकंद असा प्रशस्त घेतला तरी विस्थापनातला फरक ३६ मीटर, कालावधी ४ सेकंद आणि सरासरी पुन्हा नेमकी ९. येथे सीमामूल्य घेण्याची गरजच पडली नाही. क्षणाच्या दोन्ही बाजूंना सारखा वेळ घेतला की त्वरण स्थिर असताना सरासरी वेग हा तात्क्षणिक वेगाजवळ जात राहत नाही, तर तो थेट तात्क्षणिक वेगच असतो. या प्रकरणातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

याचे कारण वेग-काळ आलेखात उघड दिसते. त्वरण स्थिर म्हणजे वेगाचा आलेख ही सरळ रेषा. मधल्या क्षणाच्या अर्धा सेकंद आधी वेग जितका कमी असतो, तितकाच तो अर्धा सेकंद नंतर अधिक असतो. पाव सेकंद आधी आणि नंतरही तेच. प्रत्येक ‘आधी’ला तोलणारा एक ‘नंतर’ असतो आणि वजा-अधिक मिळून शिल्लक काही राहत नाही. आलेखाखालील समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. मधल्या क्षणाच्या उंचीवर आडवी रेषा ओढली, तर एका बाजूचा त्रिकोण कापला जातो आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा त्रिकोण भरला जातो, त्यामुळे समलंब चौकोनाचा त्याच क्षेत्रफळाचा आयत होतो.

ही कल्पना सूत्रांपेक्षा, किंबहुना कलनशास्त्रापेक्षाही जुनी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विद्वानांनी हा नियम शब्दांत मांडला. विल्यम हेट्सबरी यांच्या १३३५ मधील लेखनात तो आढळतो. पुढे त्याच शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी आकृती काढून तो सिद्ध केला आणि ती आकृती आजच्या वेग-काळ आलेखाशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूंच्या गतीचा विचार याच प्रमेयापासून सुरू केला. तात्क्षणिक वेगाची काटेकोर व्याख्या करण्यासाठी लागणारे सीमामूल्याचे गणित तेव्हा कोणाकडेही नव्हते, तरीही समतोलाचा हा युक्तिवाद त्यांना पुरला.

वेळेचा मध्य आणि अंतराचा मध्य

नियमात ‘मधला क्षण’ म्हटले आहे, ‘मधले ठिकाण’ नव्हे, आणि येथे फार जण घसरतात. उंचावरून सोडलेला दगड ४ सेकंद पडतो आहे असे समजू, गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग घेऊ आणि हवेचा विरोध सोडून देऊ. दगड ८० मीटर पडेल, अखेरचा वेग ४० आणि सरासरी वेग २० मीटर प्रतिसेकंद असेल. २० चा वेग त्याला २ सेकंदांनंतर येतो. पण २ सेकंदांत तो केवळ २० मीटर पडलेला असतो, म्हणजे एकूण अंतराचा चौथा भाग. उरलेले ६० मीटर तो पुढच्या २ सेकंदांत पार करतो. अंतराच्या मध्यावर, म्हणजे ४० मीटरवर, त्याचा वेग सुमारे २८.३ मीटर प्रतिसेकंद असतो. वेग वाढत असो वा कमी होत असो, वस्तू दिशा न बदलता जात असेल तर अंतराच्या मध्यावरचा वेग सरासरी वेगापेक्षा नेहमी अधिकच असतो, कारण अधिक वेगाच्या काळात वस्तू अधिक अंतर तोडते आणि अंतराचा मध्य त्या काळाकडे ओढला जातो.

आता सूत्रांकडे वळू. सरासरी वेग म्हणजे मधल्या क्षणाचा वेग, आणि मधल्या क्षणापर्यंत अर्धा काळ गेलेला असतो. म्हणून सरासरी वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळाचा निम्मा भाग. याला संपूर्ण काळाने गुणले की विस्थापनाचे परिचित सूत्र मिळते: सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण आणि काळाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा. या सूत्रातला ‘एक द्वितीयांश’ कोठून आला, असे विद्यार्थी विचारतात. तो मधल्या क्षणातून आला. तसेच ‘नवव्या सेकंदात वस्तू किती अंतर जाईल’ अशा प्रश्नांसाठी जे वेगळे सूत्र पाठ केले जाते, त्याची खरे तर आवश्यकता नाही. नवव्या सेकंदाचा मधला क्षण ८.५ सेकंदांचा, त्या क्षणाचा वेग काढावा आणि एका सेकंदाने गुणावे. आपल्या पहिल्या उदाहरणातील वस्तूसाठी तो वेग ३ अधिक १७, म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद, म्हणून नवव्या सेकंदातले अंतर २० मीटर.

थोडे कठीण उदाहरण घेऊ, म्हणजे या पद्धतीची ताकद लक्षात येईल. स्थिर त्वरणाने जाणारी एक वस्तू पहिल्या ३ सेकंदांत २१ मीटर आणि त्यापुढच्या ५ सेकंदांत ७५ मीटर जाते. तिचा सुरुवातीचा वेग आणि त्वरण काढायचे आहे. रूढ मार्गाने दोन समीकरणे मांडून ती सोडवावी लागतात आणि कालावधी असमान असल्यामुळे चुका होतात. त्याऐवजी दोन्ही टप्प्यांचे सरासरी वेग काढावेत. पहिल्या टप्प्याचा ७ मीटर प्रतिसेकंद, आणि तो १.५ सेकंदाच्या क्षणाचा वेग आहे. दुसऱ्या टप्प्याचा १५ मीटर प्रतिसेकंद. हा टप्पा ३ ते ८ सेकंदांचा असल्यामुळे तो ५.५ सेकंदांच्या क्षणाचा वेग आहे. या ४ सेकंदांत वेग ८ ने वाढला, म्हणून त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. १.५ सेकंद मागे गेले की वेग ३ ने घटतो, म्हणून सुरुवातीचा वेग ४ मीटर प्रतिसेकंद. उत्तराचा ताळा घ्यावा: ८ सेकंदांत ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ मीटर, आणि २१ अधिक ७५ सुद्धा ९६ च.

वस्तू मागे फिरते तेव्हा चिन्हे सांभाळावीत, एवढेच. २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू, गुरुत्व त्वरण १० धरून, ४ सेकंदांनी हातात परत येतो. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. मधल्या क्षणी, २ सेकंदांना, चेंडू सर्वोच्च बिंदूवर असतो आणि त्याचा तात्क्षणिक वेगही शून्यच असतो. सरासरी चाल मात्र १० मीटर प्रतिसेकंद आहे, कारण तो २० मीटर वर गेला आणि २० मीटर खाली आला. हा मधल्या क्षणाचा नियम वेगासाठी आहे, चालीसाठी नाही. १ ते ४ सेकंदांचा भाग घेतला तर दोन टोकांचे वेग अधिक १० आणि उणे २० आहेत, त्यांची सरासरी उणे ५, आणि २.५ सेकंदांना वेग उणे ५ च असतो.

नियम कोठे लागू पडत नाही, हे माहीत नसेल तर तो नियम हाती असून उपयोग नाही. सुरुवातीचा आणि अखेरचा वेग यांची बेरीज करून दोनाने भागण्याची रीत त्वरण संपूर्ण कालावधीत एकच असेल तरच वापरावी. एक गाडी विरामावस्थेतून १० सेकंदांत २० मीटर प्रतिसेकंद वेग गाठते आणि पुढे ३० सेकंद त्याच वेगाने जाते, असे समजा. टोकांच्या वेगांची सरासरी १० येते. पण गाडी १०० अधिक ६००, म्हणजे ७०० मीटर ४० सेकंदांत गेली आहे, म्हणून खरा सरासरी वेग १७.५ आहे. हीच गाडी वेग घेऊन पुन्हा थांबली असती, तर टोकांचे दोन्ही वेग शून्य आणि त्यांची सरासरीही शून्य, आणि गाडी तर कितीतरी पुढे गेलेली! अशा गतीचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यात त्वरण स्थिर आहे याची खात्री करावी, प्रत्येकाचे विस्थापन वेगळे काढावे आणि शेवटी एकूण विस्थापनाला एकूण काळाने भागावे. तुकड्यांच्या सरासरी वेगांची पुन्हा साधी सरासरी काढू नये. ती तुकड्यांचे कालावधी समान असतील तरच बरोबर येते.

स्वतः मोजून पाहण्यासाठी

हा सगळा विचार हाताने पडताळता येतो. एक लांब, सपाट फळी सुमारे ८ अंशांनी कलती ठेवावी, तिच्या कडेला मोजपट्टी चिकटवावी आणि वरून भरीव गोळी किंवा चेंडू सोडून त्याचे मोबाइलवर चित्रण करावे. फोन फळीच्या बाजूला, शक्य तितका दूर आणि फळीशी काटकोनात धरावा, नाहीतर टोकांकडची वाचने तिरकी येतात. उजेड भरपूर असावा, कारण कमी उजेडात काही फोन दर सेकंदाच्या चौकटींची संख्या आपोआप कमी करतात. सेकंदाला ३० चौकटी असतील, तर दर तिसऱ्या चौकटीला ०.१ सेकंद पूर्ण होतो.

समजा, मोजपट्टीवरील वाचने दर ०.१ सेकंदाला ०, २, ५, ९, १४ आणि २० सेंटिमीटर अशी मिळाली. चेंडू नेमका केव्हा सुटला ते माहीत नसले तरी चालते. पहिले वाचन जेथून घेतले तेथे शून्य मानले आहे. प्रत्येक मधल्या वाचनासाठी त्याच्या पुढच्या वाचनातून मागचे वाचन वजा करावे आणि ०.२ ने भागावे. ०.१ सेकंदाला वेग २५, ०.२ सेकंदाला ३५, ०.३ सेकंदाला ४५ आणि ०.४ सेकंदाला ५५ सेंटिमीटर प्रतिसेकंद येतो. हे बिंदू आलेखावर एका रेषेत बसतात आणि रेषेचा चढ १०० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग आहे. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळ्यासाठी ८ अंशांच्या उतारावर याच्या आसपासचेच त्वरण अपेक्षित असते. ते घर्षणरहित घसरण्याच्या त्वरणाच्या पाच-सप्तमांश असते, कारण गुरुत्वाकर्षणाने दिलेल्या ऊर्जेचा काही भाग गोळा फिरवण्यात खर्च होतो. रेषा मागे वाढवली की शून्य क्षणी वेग १५ मिळतो, म्हणजे चेंडू आपल्या पहिल्या वाचनाच्या ०.१५ सेकंद आधी सुटला होता.

कालावधी किती मोठा घ्यावा, याबाबत माझे मत ठाम आहे. अधिक अचूकतेच्या आशेने बरेच जण लगतच्या दोन चौकटी घेतात आणि त्यांचे आकडे वेडेवाकडे येतात. प्रत्येक वाचनात १ मिलिमीटरची चूक गृहीत धरली, तर अंतराच्या फरकात २ मिलिमीटरपर्यंत चूक येऊ शकते. तिला एक-तिसांश सेकंदाने भागले की वेगात ६ सेंटिमीटर प्रतिसेकंद चूक होते, तर ०.२ सेकंदाने भागले की केवळ १. त्वरण स्थिर असताना मधोमध धरलेला मोठा कालावधी तत्त्वतः अचूकच असतो, तेव्हा तो आखडून वाचनातली चूक वाढवण्यात काहीच लाभ नाही.

त्वरण खरोखर स्थिर आहे का, हेही याच वाचनांतून तपासावे. एकाच क्षणासाठी एक अरुंद आणि एक रुंद कालावधी घ्यावा. येथे ०.२ सेकंदाला अरुंद कालावधीने ७ भागिले ०.२, म्हणजे ३५ मिळाले. ० ते ०.४ सेकंदांचा रुंद कालावधी घेतला तर १४ भागिले ०.४, म्हणजे तेही ३५. दोन्ही उत्तरे वाचनातल्या चुकीच्या मर्यादेत जुळली तर रुंद कालावधी निःशंकपणे वापरावा. ती जुळली नाहीत तर चेंडू घसरला असेल, फळी मध्ये वाकली असेल किंवा हलक्या चेंडूला हवेचा विरोध जाणवत असेल. अशा वेळी टोकांच्या वेगांची सरासरी बाजूला ठेवावी, कालावधी वाचनातली चूक परवडेल इतपतच अरुंद करावा आणि मिळणाऱ्या वेगाला त्या क्षणाच्या वेगाचे अंदाजी मूल्य म्हणावे.